शेतकऱ्याची तहान : चहा की पाणी ?



एप्रिल महिन्यात कांद्याची काढणी चालू असलेल्या कोणत्याही शेतावर सकाळी दहाच्या सुमारास जाऊन पाहावे. घरून किटली येते, बांधावरच्या बाभळीखाली मजूर जमतात, कपबशा नाहीतर स्टीलचे पेले फिरतात आणि दोन घोट गोड चहा घेऊन सारे पुन्हा वाफ्यात जातात. दुपारी भाकरी खाल्ल्यावर पुन्हा चहा, चार वाजता पुन्हा चहा. या सर्व वेळात पिण्याच्या पाण्याची काय व्यवस्था आहे हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ज्याने त्याने आपापली बाटली आणायची, ती अकरा वाजता संपते आणि उरलेला दिवस चहावर निघतो.

मजुराला चहा दिला नाही तर मालकाची बदनामी होते. पाणी दिले नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पूर्वी असे नव्हते. उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवण्याची आपली रीत होती. चहा खेडोपाडी पोहोचला तो गेल्या शंभर वर्षांत, आणि त्यामागे चहा उद्योगाने १९३० च्या दशकात देशभर केलेल्या प्रचाराचाही मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात चहाचे मळे नाहीत, तरी आज चहाशिवाय आपला पाहुणचार होत नाही. चहा वाईट आहे असे सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. तहानेच्या जागी चहा बसला आहे, आणि त्याची किंमत शेतात राबणाऱ्या माणसाला, विशेषतः स्त्रियांना, आपल्या शरीराने मोजावी लागते. तो हिशेब येथे मांडावयाचा आहे.

घामाचा हिशेब

प्रौढ माणसाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. उन्हात काम करताना शरीरात जी उष्णता तयार होते ती घामावाटे बाहेर टाकली जाते. घाम वाळतो तेव्हा कातडी थंड होते. कडक उन्हात अंगमेहनतीचे काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त घाम जाऊ शकतो. हे पाणी भरून निघाले नाही तर रक्तातील पाण्याचा अंश कमी होतो, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, घाम कमी होऊ लागतो आणि अंगाचे तापमान वाढते. डोके दुखणे, चक्कर येणे, पोटऱ्यांत गोळे येणे, लघवी थोडी व गडद पिवळी होणे ही त्याची पहिली लक्षणे होत. पुढची पायरी उष्माघाताची आहे.

याची खात्री घरच्या घरी करता येते. धान्य मोजण्याचा काटा असेल तर सकाळी शेतात जाण्यापूर्वी आपले वजन करावे आणि दुपारी परत आल्यावर, घामाचे कपडे बदलून, पुन्हा करावे. दर एक किलो घटीमागे साधारण एक लिटर पाणी कमी पडले असे समजावे. पन्नास किलो वजनाच्या माणसाचे एक किलो वजन घटले तरी, म्हणजे केवळ दोन टक्के, त्याची काम करण्याची ताकद आणि लक्ष दोन्ही कमी होतात. एका प्रशिक्षण वर्गात आम्ही हा प्रयोग करून पाहण्यास सांगितले तेव्हा काही शेतकऱ्यांनी काटाच बिघडला असावा असे म्हटले होते.

पिकाला पाणी केव्हा द्यावे हे आपणास सांगण्याची गरज नाही. पाने कोमेजण्याची वाट पाहणाऱ्याचे उत्पादन आधीच घटलेले असते. माणसाच्या तहानेचेही तसेच आहे. कष्टाच्या कामात तहान उशिरा लागते. घसा कोरडा पडेपर्यंत शरीरात बरीच तूट आलेली असते. म्हणून उन्हात काम करणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे २०० मि.लि., पाणी प्यावे. तासाला हे ६०० ते ८०० मि.लि. होते. मात्र एकदम तांब्यावर तांब्या रिचवू नये. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी पिणे योग्य नाही, कारण त्यामुळे रक्तातील मिठाचे प्रमाण घातक रीतीने उतरू शकते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता किटलीकडे पाहू. शेतावर मिळणारा चहाचा कप फार तर १०० मि.लि. असतो. दिवसाचे चार कप धरले तरी ४०० मि.लि. झाले. सकाळच्या पाच तासांतच तीन लिटरची गरज असताना हे पुरणार कसे ? चहामुळे शरीरातले पाणी उलट बाहेर जाते असे पूर्वी सांगितले जाई. चहातील कॅफिनमुळे लघवी थोडी वाढते हे खरे, पण नेहमी चहा पिणाऱ्याच्या बाबतीत हा परिणाम किरकोळ असतो आणि चहातील बहुतेक पाणी अंगी लागते. दोष चहाच्या पाण्यात नाही, त्याच्या मापात आहे. चहाने तरतरी येते, डोकेदुखी तेवढ्यापुरती थांबते, साखरेने भूकही मरते, आणि तहान भागली असा समज होतो.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वादोर या देशांत उसाच्या फडात काम करणाऱ्या हजारो तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांना मधुमेह नव्हता. रोज कडक उन्हात अतिकष्टाचे काम आणि त्यामुळे वारंवार होणारी पाण्याची तूट हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. त्यावर तेथे जो उपाय योजला गेला तो अगदी साधा आहे: फडावर पाणी, ठरावीक वेळाने विश्रांती आणि सावली. आपल्याकडेही बीड, अहिल्यानगर भागातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पहाटेपासून फडात असतात. कोयत्याबरोबर पाण्याचा कॅन असणे त्यांच्यासाठी चैनीची गोष्ट नाही.

स्त्रिया पाणी का पीत नाहीत ?

खुरपणी, कापूस वेचणी, भात लावणी ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. त्यांना पाण्याचे महत्त्व सांगितले की त्या मान डोलावतात, पण पीत नाहीत. याचे कारण त्या पुरुषांसमोर सांगत नाहीत. उघड्या रानात लघवीला जाण्यासाठी आडोसा नसतो, म्हणून सकाळपासून पाणीच कमी प्यायचे. जे काही प्यायचे ते चहाचे दोन घोट. त्यातून लघवीची जळजळ व जंतुसंसर्ग होतो, तो अंगावर काढला जातो, आणि उष्ण भागात मुतखड्याचा त्रासही वाढतो. मुतखडा टाळावयाचा तर दिवसाला दोन लिटरपेक्षा जास्त लघवी होईल इतके पाणी पोटात जावे लागते.

जमीनमालकाने या बाबतीत लाजू नये. चार बांबू व जुने शेडनेट किंवा दोन जुनी लुगडी यांत बांधाच्या कडेला आडोसा उभा राहतो. मजुरांच्या पाण्याची सोय करण्याइतकेच हे आवश्यक आहे, नाहीतर आणलेले पाणी घागरीतच राहील.

जेवणानंतरचा चहा आणि लोह

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोहयुक्त हिमोग्लोबिन कमी असल्याचे आढळले. दम लागणे, हातपाय गळणे, खुरपताना डोळ्यांपुढे अंधारी येणे या तक्रारींमागे अनेकदा हाच रक्तक्षय असतो. अशा वेळी ‘जरा चहा घे, बरे वाटेल’ असे सांगितले जाते आणि चहा तर नेमका दुखण्याच्या बाजूचा !

आपल्या भाकरीत, डाळींत, पालेभाज्यांत लोह असते, परंतु ते वनस्पतीजन्य असल्याने आतड्यांत सहज शोषले जात नाही. चहाला जो तुरटपणा असतो तो टॅनिन व त्यासारख्या पदार्थांमुळे. हे पदार्थ अन्नातील लोहाशी बांधले जातात आणि ते लोह शरीराला न मिळता शौचावाटे निघून जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण निम्म्याहून कमी होऊ शकते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. चहा जितका जास्त उकळलेला तितका तुरटपणा जास्त. दुपारच्या भाकरीनंतर लगेच घेतलेला काळाकुट्ट, तीनदा उकळलेला चहा म्हणूनच सर्वांत वाईट.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणापूर्वी व जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे. एवढा एकच बदल केला तरी भाकरी-भाजीतील लोह बऱ्याच अंशी वाचते. त्यासाठी पैसा लागत नाही. उलट जेवणाबरोबर लिंबाची फोड, आवळा, कच्ची कोबी किंवा पेरू घेतल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. चहाची वेळ साडेतीन-चारवर न्यावी आणि भाकरीवर लिंबू पिळावे.

अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांबद्दल तर विशेष काळजी घ्यावी. पुष्कळ गर्भवती स्त्रिया ही गोळी सकाळी चहाबरोबर गिळतात, म्हणजे गोळी घेतली काय आणि न घेतली काय, फरक थोडाच पडतो. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर, चहापासून दूर घ्यावी. घरातील सासूबाईंनी हे लक्षात ठेवले तर अधिक बरे, कारण सकाळचा चहा कोणाला केव्हा मिळतो हे बहुधा त्याच ठरवितात.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला बशीत चहा ओतून त्यात बटर किंवा बिस्किट बुडवून देण्याची सवय खेड्यांत व शहरांत सारखीच आहे. मुलाची भूक मरते, दूध सुटते, लोह वाया जाते. लहान मुलांना चहा देऊच नये.

साखर, दूध आणि घरखर्च

पाच मोठ्या माणसांचे घर धरू. प्रत्येकी दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर, ३० मि.लि. दूध व २ ग्रॅम पत्ती. एकूण २५ कप होतात. दिवसाला पाव किलो साखर, पाऊण लिटर दूध आणि ५० ग्रॅम पत्ती. महिन्याला साडेसात किलो साखर, साडेबावीस लिटर दूध, दीड किलो पत्ती, आणि गॅस किंवा सरपण वेगळे. हंगामातील मजुरांचा चहा यात धरलेला नाही. आपल्या गावच्या भावाने गुणून पाहावे.

आता तेच घर दिवसाला प्रत्येकी दोन कप व कपाला एक चमचा साखर यावर आले तर साखर महिन्याला दीड किलोवर येते, म्हणजे सहा किलो वाचते. दूध रोज ४५० मि.लि. वाचते. हे दूध घरातील दोन मुलांना दोन पेले पुरते आणि त्यातून सुमारे १४ ग्रॅम प्रथिने व पाचशे मि.ग्रॅ. हून अधिक कॅल्शियम मिळते. ज्या घरी म्हैस आहे पण मुले दूध पीत नाहीत, त्या घराने हा हिशेब अवश्य करावा.

पहिल्या प्रकारात माणशी ५० ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घेतलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी असे सुचविले आहे. उन्हात राबणाऱ्याला ती जिरते असे म्हणता येईल, पण ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि ठिबक आल्यापासून आपले कष्ट कमी झाले, कप मात्र कमी झाले नाहीत. खेड्यांतही मधुमेह वाढतो आहे. गुळाचा चहा घेतला म्हणजे साखर चुकली असे समजू नये. गूळ हीसुद्धा शरीराच्या दृष्टीने साखरच आहे.

चहाचे गुण

चहा उकळलेला असतो ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. पावसाळ्यात परगावी गेल्यावर, पाण्याची खात्री नसताना, अनोळखी ठिकाणच्या पेल्यातील पाण्यापेक्षा वाफाळता चहा केव्हाही बरा. त्यातील कॅफिनमुळे मरगळ जाते, रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला जाग राहते. बिनदुधाचा, हलका चहा माफक प्रमाणात घेतल्यास त्यातील काही घटक हृदयाला हितकारक ठरतात असेही दिसून येते. शिवाय चहाच्या निमित्ताने दहा मिनिटे सावलीत बसणे होते, याचेही मोल आहेच.

राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार एका कपात ३० ते ६५ मि.ग्रॅ. कॅफिन असते व दिवसाला ३०० मि.ग्रॅ. ची मर्यादा पाळावी. कडक चहाचे पाच-सहा कप झाले की आपण त्या मर्यादेवर पोहोचतो. गर्भवतींनी याहून बरेच कमी घ्यावे. फार कढत चहा घशाखाली ओतू नये. ६५ अंशांपेक्षा गरम पेये नेहमी पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असे कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले आहे. आपल्या आजोबांची बशीत ओतून, फुंकर घालून पिण्याची पद्धत या दृष्टीने चांगलीच होती.

चहा कमी करावयाचा झाल्यास एकदम बंद करू नये. रोजची सवय असलेल्याचे डोके दोन-तीन दिवस ठणकते आणि मग तो पुन्हा किटलीकडे वळतो. आठवड्याला एक कप कमी करावा. आधी दुपारच्या जेवणानंतरचा, मग रात्रीचा.

शेतावर काय न्यावे ?

दहा मजूर सकाळी पाच तास काम करणार असतील तर तासाला ६०० मि.लि. प्रमाणे किमान ३० लिटर पाणी लागेल, म्हणजे मोठ्या दोन घागरी. उन्हाळ्यात थोडे जास्तच न्यावे. घागरी किंवा कॅन सावलीत ठेवून त्यांना ओले गोणपाट गुंडाळावे. पाणी कामाच्या जागेपासून लांब असेल तर मजूर उठून जात नाहीत; एकाने तांब्या-पेला घेऊन ओळीने पाणी देत फिरावे. अर्ध्या तासाचे काम बुडते, पण दुपारनंतर कामाचा उरक टिकतो.

घामातून मीठही जाते. दुपारी भाकरीबरोबर मीठ घातलेले पातळ ताक, कोकणात कोकमाचे सरबत, कैरी असेल त्या दिवसांत पन्हे, नाचणीची आंबील ही सारी चहापेक्षा सरस पेये आहेत. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ बेताने घ्यावे. कोणास चक्कर येऊन जुलाब-उलट्या होत असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. माणूस बरळू लागला, अंग तापले असेल तर तोंडाने काही न देता सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

फवारणी चालू असताना हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय चहा किंवा पाणी काहीही घेऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीतून झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे विसरता येणार नाही. कीटकनाशकाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी त्यातून पिण्याचे पाणी नेऊ नये. तो भोके पाडून निकामी करावा.

पाणी स्वच्छ हवे

पाणी पिण्याचा सल्ला द्यावयाचा तर ते पिण्याजोगे असले पाहिजे. उकळल्याने जंतू मरतात, परंतु खताच्या अतिवापराने विहिरीत उतरलेले नायट्रेट किंवा खडकातील फ्लोराइड उकळून जात नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मि.ग्रॅ. आणि फ्लोराइडची १.५ मि.ग्रॅ. आहे. चहाच्या पानातही फ्लोराइड साठलेले असते, म्हणून यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतील फ्लोराइडग्रस्त गावांनी कडक चहाबाबत अधिक संयम पाळावा आणि विहीर-बोअरचे पाणी तपासून घ्यावे.

जंतूंसाठी टी.सी.एल. पावडर हा स्वस्त उपाय आहे. विहिरीतील पाणी असे मोजावे: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४, सर्व मापे मीटरमध्ये. येणाऱ्या आकड्यास एक हजाराने गुणले की लिटर मिळतात. समजा विहिरीचा व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर आहे, तर सुमारे ३७,७०० लिटर पाणी झाले. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर याप्रमाणे सुमारे ९५ ग्रॅम लागेल. ती प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करावी, मग पाणी वाढवून ढवळावे व दहा मिनिटे निवू द्यावी. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडावी आणि बादली खालीवर करून पाण्यात चांगली मिसळावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. हे काम रात्री करावे व किमान एक तास पाणी उपसू नये. पाणी गढूळ असेल तर क्लोरीनचा प्रभाव कमी पडतो. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवावी. उघडी राहिलेली, दमट झालेली पावडर टाकूनही उपयोग होत नाही. सकाळी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून ओ.टी. चाचणी करून घ्यावी. पाण्याला पिवळसर छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे, न आल्यास मात्रा पुन्हा द्यावी. पावसाळ्यात, विशेषतः पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीत वरचे पाणी उतरले असेल तेव्हा, हे काम लांबणीवर टाकू नये.